काकांची न फोडलेली स्ट्रिप

गेल्या महिन्यात पाचपाखाडीला काकांकडे गेलो होतो. त्यांच्या अँजिओप्लास्टीला आता सहा वर्षे झाली. औषधांचा डबा सहज उघडला, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची स्ट्रिप निम्मी रिकामी आणि शेजारच्या अटोर्व्हास्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' गटातल्या औषधाच्या) स्ट्रिपची मात्र एकही गोळी काढलेली नाही. विचारले तेव्हा काका म्हणाले, "अरे, तलावपाळीला फिरायला येतात त्यांच्यापैकी एकाने पाठवलंय, कोलेस्टेरॉल फार उतरलं की कॅन्सर होतो. हृदय वाचवून कॅन्सरने जायचं, हा कुठला हिशोब?"

काकांना हसून गप्प करता आले असते, पण तो मेसेज निव्वळ थाप नाही आणि खरी पंचाईत तिथेच आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी असलेल्या माणसांमध्ये पुढील काही वर्षांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक दिसतात, असे 1980च्या सुमारास अनेक पाहण्यांमध्ये खरोखरच आढळले होते. मात्र हा फरक मुख्यतः रक्ततपासणीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतला होता आणि पुढे तो विरत जाई. याचा उलगडा असा, की शरीरात लपून वाढणारा कर्करोग निदान होण्याआधीच भूक मारतो, वजन उतरवतो आणि त्याच्या भराभर वाढणाऱ्या पेशी स्वतःची आवरणे बांधण्यासाठी कोलेस्टेरॉल वापरतात, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा खाली येतो. म्हणजे अशा वेळी कमी कोलेस्टेरॉल हे कर्करोगाचे कारण नसून त्याची चाहूल असते.

मार्टेन काटान या डच शास्त्रज्ञाने 1986 साली यावर एक सुरेख युक्तिवाद मांडला. कमी कोलेस्टेरॉलने कर्करोग होत असेल, तर ज्यांचे कोलेस्टेरॉल जनुकांमुळे जन्मापासूनच कमी आहे, त्यांच्यात तो अधिक दिसायला हवा. पुढे जनुकांच्या आधारे झालेल्या अभ्यासांत तसे एकंदरीत दिसले नाही.

गोळ्यांविषयीचा पुरावा तर याहून थेट आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत 4,444 हृदयरुग्ण होते आणि सिम्व्हास्टॅटिन हे त्याच गटातले औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. ब्रिटनमधील 20,536 जणांच्या चाचणीतील रुग्णांवर तर सुमारे 11 वर्षे लक्ष ठेवले गेले, तरी हीच गोळी मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. भीतीला खतपाणी मिळाले ते बहुधा 2002 सालच्या एका चाचणीतून, कारण तिच्यात सत्तरीपुढच्या रुग्णांमध्ये गोळी घेणाऱ्यांत कर्करोग 25 टक्के अधिक निघाला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. पण 2012 साली 27 चाचण्यांमधील सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पाच वर्षांच्या स्टॅटिननंतर कर्करोगही वाढलेला नव्हता आणि त्याने होणारे मृत्यूही. (स्नायू दुखणे, साखर किंचित वाढणे या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या डॉक्टरांना सांगाव्यात, पण तो विषय वेगळा.)

म्हणून माझे मत असे, की गोळीने उतरलेला आकडा आणि आपोआप उतरलेला आकडा यांत फरक करायला हृदयरुग्णाने शिकले पाहिजे. औषध आणि आहार तोच असताना कोलेस्टेरॉल एकाएकी घसरले, सोबत वजन कमी झाले, अन्नावरची वासना गेली, तर जुन्या रिपोर्टांची फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे. अँजिओप्लास्टी झालेल्याने मात्र कर्करोगाच्या धास्तीने आपल्या मनानेच गोळी थांबवणे म्हणजे नसलेल्या धोक्यासाठी असलेला धोका अंगावर घेणे होय.

काकांची फाइल आम्ही सोबत बसून चाळली. गोळी सुरू असताना एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 64 होते आणि सोडल्यानंतरच्या तपासणीत 131. वजन तेवढेच. काका बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिले, मग काकूंना पाणी आणायला सांगून स्ट्रिपमधली पहिली गोळी त्यांनी काढली. शर्टाच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा विषय मी काढला, तेव्हा मात्र ते म्हणाले, "ते पुढच्या वेळी बघू."