चार हजार टनांत एवढ्या तोफा?

किनारा राखणाऱ्या ४,००० टनी काल्पनिक युद्धनौकेवर ३०५ मिमी व्यासाच्या नळीच्या चार तोफा सहज मावतील, हे त्या नौकेच्या वर्णनातलं विधान अजिबात पटलं नाही. असलं आरेखन मी आलेखकागदावर करून पाहिलंय. दोन जुळे बुरूज (प्रत्येकी दोन तोफांचे फिरते चिलखती कक्ष), त्यांच्याखालचं चिलखत आणि दारूगोळ्याची कोठारं रेखाटली की बॉयलरला जागाच उरत नाही. शिवाय उथळ पाण्यासाठी नौकेचा तळ फार खोल नेता येत नाही. स्वीडनच्या 'स्वेरिये'वर (१९१७) २८३ मिमीच्या चारच तोफा, तरी वजन सुमारे ७,००० टन! नॉर्वेच्या 'आइड्सवोल्ड'ने साधारण ४,००० टनांत २१ सेंमीच्या दोनच मोठ्या तोफा घेतल्या.

आणि त्या वर्णनात टॉर्पेडोपासूनच्या संरक्षणाबद्दल एक ओळही नाही? ९ एप्रिल १९४० ला नार्विकमध्ये 'आइड्सवोल्ड' जर्मन विनाशिकेच्या टॉर्पेडोंनीच बुडाली.