‘शाइन ऑन’ आधी, सिडची भेट नंतर

पुण्यातल्या जुन्या रॉकप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा जुना गायक-गिटारवादक, मानसिक स्वास्थ्य ढासळल्यानं बँडबाहेर गेलेला सिड बॅरेट अचानक स्टुडिओत आला आणि त्याची अवस्था बघून बँडनं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ रचलं. कोथरूडपासून कॅम्पपर्यंत सगळे गहिवरून तो पुढे पाठवतायत. पण हे खरं नाही.

गाणं सिडसाठीच आहे, त्यात वाद नाही. मात्र ते १९७४ मध्येच तयार होतं. त्या वर्षीच्या फ्रान्स आणि ब्रिटनच्या दौऱ्यांत वाजलंही. सुरुवात झाली ती बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरच्या गिटारवरच्या चार सुरांपासून. तालमीत ते वाजले, बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सच्या मनात रुतले आणि त्यातून शब्द आले. डोळे मिटून ते चार सूर ऐका, सिडची उणीव त्यांतच आहे.

सिड लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आला तो जून १९७५ मध्ये. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंग सुटलेलं. जुन्या सोबत्यांनाच तो आधी ओळखू आला नाही. त्या वेळी याच गाण्याचं काम चालू होतं. गोंधळ बहुधा त्यामुळेच झाला असावा.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.