'हक्कांनी पोट भरतं का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गरिबी आणि विकास यांच्याकडे मानवी हक्कांच्या अंगाने का पाहायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. तुमचा रोख असा : हक्कांची भाषा ही पोट भरलेल्यांची चैन. आधी उत्पादन वाढू द्या, तिजोरी भरू द्या, हक्क मागाहून येतात. चीनने ते करून दाखवलं. आणि शेवटी तुमचा टोला, 'कुठल्या कोर्टाने कधी कुणाला घर बांधून दिलं?'

आधी चीन. गेल्या चार दशकांत तिथली 80 कोटींच्या आसपास माणसं अतिदारिद्र्यातून वर आली. हे नाकारणारा मी कोण? पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू करताय. 1959 ते 1961 या काळात त्याच देशात कोट्यवधी लोक भुकेने मेले. गावोगावचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर धाडत होते, त्या आकड्यांवर सरकारी धान्यवसुली ठरत होती, आणि 'कोठारात दाणा नाही' असं म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. सुरुवातीला तर धान्याची निर्यातही चालूच होती. मोकळी वृत्तपत्रं आणि खऱ्या निवडणुका असतात तिथे मोठे भूकबळी होत नाहीत, हे अमर्त्य सेन यांचं म्हणणं अशाच अनुभवांवर उभं आहे. बोलण्याच्या हक्काचा तिथे थेट ताटाशी संबंध होता. पुढे 1978 नंतर भरभराट झाली तीही शेतकऱ्याला आपल्या वाट्याची जमीन कसायची आणि ठरलेला हिस्सा देऊन उरलेलं विकायची मुभा मिळाल्यावर. त्याला हक्क म्हणायचं की धोरण, हा वाद घालत बसण्यात मला रस नाही.

आता मूळ मुद्दा. गरिबी मोजायची म्हणजे उत्पन्न मोजायचं, ही सवय आपल्या अंगवळणी पडलीय. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा 2025च्या जूनमध्ये दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर गेली आणि जगातले गरीब एका रात्रीत वाढले. कुणाच्याही घरात त्या रात्री काही बदललं नव्हतं. (रेषा लागते, मोजायला काहीतरी हवंच. माझी तक्रार रेषेवर थांबण्याबद्दल आहे.) रेषा सांगते, किती जण खाली आहेत. त्यांना खाली कुणी ठेवलं आणि जाब कुणाला विचारायचा, हे तिच्यात नसतं. हक्काची भाषा नेमकं तेवढंच करते : काय नाही एवढ्यावर न थांबता ते नाकारलं कुणी, हे दाखवते.

तुम्ही कोर्टाचं विचारलंत, म्हणून दक्षिण आफ्रिका. केपटाऊनजवळ वॉलेसडीन नावाची झोपडवस्ती. निम्मी वस्ती मुलांची, पाणी नाही, मैला वाहून नेण्याची सोय नाही, जमीन पाणथळ. स्वस्त घरासाठी कितीतरी जणांनी अर्ज केलेले. काहींची नावं सात-सात वर्षं यादीतच. शेवटी 1998 मध्ये सुमारे 900 माणसं उठली आणि शेजारच्या खासगी जमिनीवर जाऊन राहिली. 1999च्या मे महिन्यात, ठरलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच, त्यांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. झोपड्या जाळल्या, आतलं सामानसुमानही गेलं. त्या वेळी तिथे नसलेल्यांना आपलं सामान वाचवताही आलं नाही. केपचा हिवाळा म्हणजे पाऊस आणि बोचरा वारा. जुन्या जागा तोवर दुसऱ्यांनी घेतलेल्या, म्हणून ही माणसं वस्तीतल्या खेळाच्या मैदानावर प्लास्टिक ताणून राहिली.

त्यांच्यातल्या आयरीन ग्रूटबूम यांच्या नावाने खटला चालला. 4 ऑक्टोबर 2000 रोजी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला. घर बांधून द्या, असं कोर्ट म्हणालं नाही. ते म्हणालं की सरकारची गृहयोजना दूरचं पाहते, पण आज रात्री डोक्यावर छप्पर नसलेल्यांसाठी तिच्यात काहीच नाही, म्हणून ती घटनेला धरून नाही. तिथल्या घटनेत घराचा हक्क आहे, पण 'उपलब्ध साधनांच्या मर्यादेत'; ही अट कोर्टाने पाळली, तिच्या आड सरकारला लपू मात्र दिलं नाही. 2004 मध्ये देशभरासाठी आपत्कालीन निवाऱ्याची योजना आली, तिची मुळं या निकालात आहेत.

तुमचा टोला तरीही लागू पडतो. ग्रूटबूमबाई 2008 मध्ये वारल्या तेव्हा झोपडीतच राहत होत्या. हे लपवून हक्कांची महती गाणाऱ्यांचा मलाही राग येतो.

पण मग त्याच कोर्टाचा 2002चा निकालही पाहा. एचआयव्ही आईकडून बाळाकडे जाऊ नये म्हणून नेव्हिरापिन नावाचं औषध होतं. प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला एक लहानसा डोस. कंपनी ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती. सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच ठिकाणी देण्याचं ठरवलं. बाकीच्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टरला ते लिहून देण्याची मुभा नव्हती. इथे तिजोरीचा प्रश्न कुठे आला? आईची अडचण डॉलरच्या कुठल्याही रेषेत बसत नव्हती. कोर्टाने ती बंदी उठवायला लावली. 'आधी वाढ' म्हणणाऱ्यांना या बायकांबद्दल काय सांगायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक मात्र मान्य. 'हक्काधारित दृष्टिकोन' हा शब्द आता निधीच्या अर्जात घालायचा मसाला झालाय. कार्यशाळा होतात, फलक लागतात, ज्यांचे हक्क ते जेवणाच्या सुट्टीत खुर्च्या उचलत असतात. संयुक्त राष्ट्रांनी विकास हाच मानवी हक्क आहे असं 1986 मध्ये जाहीर केलं. तो दस्तऐवज बंधनकारक नसल्यामुळे सगळ्यांना सोयीचा पडला. त्यावर तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने.

आता माझा प्रश्न. वॉलेसडीनमधल्या त्या यादीत सातव्या वर्षी उभी असलेली बाई तुमच्याकडे आली, तर तुम्ही तिला आणखी किती वर्षं थांब म्हणाल, आणि कुठल्या आधारावर? उत्तर आलं तर पुढचा लेख त्यावरच लिहीन.