लाळ्या लपवू नका

सांगोल्याच्या बाजारातून आणलेल्या एका म्हशीने आमचा अख्खा गोठा आडवा केला होता. मी तेव्हा नववीत होतो. पंढरपुरी म्हैस, पार पाठीपर्यंत गेलेली शिंगं, भरलेली कास. दादांनी बघताक्षणी सौदा केला. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या आणि आठवड्यात दावणीची पाचही जनावरं लंगडायला लागली. आई तुरटीच्या पाण्याने तोंडं धुवायची, दादा खुरांच्या जखमा धुवायचे. कडब्याला एकही तोंड लावेना. जनावरं वाचली, पण आटलेलं दूध त्या वेतात परत आलं नाही. विकणाऱ्याच्या गावात आधीपासून लाळ्या-खुरकुताची साथ होती, हे मागाहून कळलं. त्याला ते ठाऊक होतं.

हे आज आठवलं कारण आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "परदेशवाले मुद्दाम नियम घालून आपल्या मांसाचा भाव पाडतात." मला हे पटत नाही.

आपलं म्हशीचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातं ते हाडं आणि लसिकाग्रंथी काढूनच. याला कारण आहे. कापलेलं मांस २४ तास दोन अंशांच्या वर ठेवलं की त्यात आम्ल तयार होतं, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ६ च्या खाली उतरतो आणि लाळ्या-खुरकुताचा विषाणू मरतो. हाडातल्या मगजात आणि ग्रंथींत तेवढं आम्ल होत नाही, तिथे तो टिकतो. एवढं करूनही युरोप आणि जपानची दारं आपल्याला बंदच आहेत, कारण आपल्या गोठ्यांतून हा रोग गेलेला नाही. श्रीमंत देशांनाही यातून सूट नाही. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका लहान कळपात लाळ्या सापडला. जर्मनीने तो लगेच जाहीर केला, आणि दक्षिण कोरियाने त्यांचं डुकराचं मांस घेणं थांबवलं, कारण लाळ्या डुकरांनाही होतो.

हे नियम ठरवणाऱ्या पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जन्मामागेही आपलीच जनावरं आहेत. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली, तिथे बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग पसरला, आणि त्या धक्क्यातून १९२४ मध्ये संघटना उभी राहिली. तीच बुळकांडी आपण देशातून हद्दपार केली. मग लाळ्या का जाणार नाही?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. पुढे त्याच रोगाचं कारण देऊन आपण अमेरिकेची कोंबडी अडवली, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की साथ आहे तेवढाच भाग बंद करा, अख्खा देश नको. आपण ऐकलं नाही आणि २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरलो. आज आपल्यालाच त्या तत्त्वाची गरज आहे. चार जिल्हे जरी रोगमुक्त म्हणून मान्य झाले, तरी तिथल्या मालाला वेगळं दार उघडू शकतं.

पण रोगमुक्त म्हणवून घ्यायचं तर प्रत्येक आजारी जनावराची नोंद हवी. २००९ च्या कायद्याने मालकाने कळवणं बंधनकारक आहे. कळवतो कोण? बाजार बंद होईल, जनावर पडून राहील, ही भीती खरी आहे आणि मी कुणाला नावं ठेवणार नाही. २०२२ मध्ये लम्पीने गाय मेली तर सरकारने ३० हजार दिले, तेव्हा आमच्या गावात लोक स्वतः डॉक्टरला फोन करत होते. लाळ्यात जनावर बहुतेक वेळा मरत नाही, म्हणून आटलेल्या दुधाची भरपाई कुणी मोजत नाही. ती मोजायला हवी. ही माझी सरकारकडे मागणी आहे.

दर सहा महिन्यांची मोफत लस परवा आमच्या वस्तीवर येतेय. टोचली की दोन दिवस दूध कमी होतं म्हणून शेजारचे काका दरवेळी म्हशी रानात नेतात. काल त्यांच्याकडे जाऊन बसलो. एका म्हशीला टोचू देतो म्हणाले. परवा सकाळी दावं धरायला मी जाणार आहे.