‘भारतात शिशावर कायदाच नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : “युरोपात विजेच्या वस्तूंमधल्या शिशा-पाऱ्यावर बंदी, भारतात कायदाच नाही. असला तरी दोन किलोच्या इंडक्शन शेगडीत दोन ग्रॅम शिसं खुशाल चालतं. सीएफएलमध्ये पारा असतो, हाच पुरावा.” मी रोज सोल्डरिंग गन हातात धरणारा माणूस. हे वाचून गप्प बसवेना.

कायदा आहे. 2011 च्या ई-कचरा नियमांत तो आला, 1 मे 2014 पासून ही बंधनं लागू झाली. आता 2022 चे नियम आहेत, 1 एप्रिल 2023 पासून अमलात. त्यांत सहा पदार्थांवर मर्यादा आहे : शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), शिवाय प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात घालतात ती पीबीबी आणि पीबीडीई.

दोन ग्रॅमचा हिशेब तर साफ चुकलाय, आणि लोकांना पटतोय तोच. मर्यादा 0.1 टक्के, कॅडमियमला 0.01. पण ही टक्केवारी अख्ख्या शेगडीच्या वजनावर काढत नाहीत. कापून, घासून, खोलूनही जे आणखी सुटं होत नाही, त्या प्रत्येक पदार्थाची वेगळी काढतात. वायरचं तांबं वेगळं, वरचं प्लास्टिक वेगळं, पीसीबीवरचा (आतल्या सर्किटच्या पट्टीवरचा) भाग जोडणारा सोल्डरचा थेंब वेगळा. माझ्या टेबलावर 63/37 सोल्डरचं जुनं रीळ आहे : 100 ग्रॅममध्ये 37 ग्रॅम शिसं, म्हणजे मर्यादेच्या 370 पट. कंपनीने नव्या शेगडीच्या पीसीबीवर हेच सोल्डर वापरलं, तर शेगडी कितीही जड असो, ती नापास. म्हणून आता बिनशिशाचं सोल्डर वापरतात, आणि नव्या पीसीबीवरचे सोल्डरचे जोड मळकट दिसतात, पटकन सुटत नाहीत ते यामुळेच. जुनं सोल्डर 183 अंशाला वितळायचं, बिनशिशाच्या नेहमीच्या सोल्डरला 217 लागतात.

सीएफएल पाऱ्याच्या वाफेवरच चालतो. म्हणून त्याला मिलिग्रॅममध्ये मोजून सवलत दिली. युरोपनेही ती कित्येक वर्षं दिली होती.

एक मात्र खरं. युरोपने 2019 पासून चार थॅलेट्स (प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ती रसायनं) धरून यादी दहावर नेली, आपली सहावरच आहे. सूक्ष्म उद्योगही आपल्या नियमांतून वगळलेत. मला हे मनापासून खटकतं. ओरड करायची तर याबद्दल करा.

आणि नवी वस्तू घेताना माहितीपुस्तिका उघडा. नियम पाळल्याचं निवेदन त्यात द्यावंच लागतं. नसेल तर दुकानदाराला तिथेच विचारा.