डोळे फिरवले की झालं, असं नाही
तुमच्या लेखात ईएमडीआरची, म्हणजे मनावरच्या आघातातून सावरायला डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणाऱ्या मानसोपचाराची, ओळख चांगली करून दिलीत, पण वाचून वाटतं की डोळे डावी-उजवीकडे फिरवले की झालं. तसं नाही. आठ टप्प्यांची पद्धत आहे ती, आणि सुरुवातीचे टप्पे माणसाला समजून घेण्यात आणि सावरायला शिकवण्यात जातात.

माझी ताई किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, दगडमातीचं माळवदाचं घर. पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावरून ट्रक गेला, मांडणीतली ताटं वाजली की ही धावत अंगणात. खांदे पार कानापर्यंत चढलेले. "मला कळतंय गं, पण अंगाला कळत नाही," म्हणायची. उपचार सुरू झाले तेव्हा पहिला दीड महिना भूकंपाचा विषयच नाही. पाय जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यायचं, श्वास सावकाश सोडायचा. आठवणीला हात नंतर घातला. आता ट्रक गेला तर एकदा खिडकीकडे बघते आणि भाजी निवडत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ईएमडीआर आणि आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी उपचारपद्धती), दोन्हींची शिफारस केली. मात्र डोळ्यांच्या हालचालींचा त्यात नेमका किती वाटा, यावर संशोधकांत वाद आहे. तेही लेखात यायला हवं होतं. आणि कृपा करून व्हिडिओ बघून हे घरी करू नका.