‘गॅसच्या वासाचे निमित्त करून ४५ मिनिटे ताटकळत ठेवले’ या अभिप्रायास उत्तर

महोदय,

रविवारी रात्री ऐन गर्दीत आपणास थाळीसाठी ४५ मिनिटे थांबावे लागले. चौकशीसाठी आपण मागच्या अंगणात डोकावलात, तेव्हा भटारखाना रिकामा होता, आतले दिवे आणि पंखा मात्र चालू होते व आचारी बाहेर ताक पीत उभे होते, असे आपण लिहिले आहे. गॅसचा थोडा वास घरीही येतो, खिडकी उघडून काम चालू ठेवता आले असते, हा आपला मुख्य आक्षेप आहे. आपण पाहिले ते सर्व खरे आहे. त्यावरून काढलेला बेफिकिरीचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि मोरीत, ओट्याखाली, कोपऱ्यात साचून राहतो. खिडकी कमरेच्या वर असल्यामुळे तिचा फारसा उपयोग होत नाही. जमिनीपर्यंतची दारे उघडून वारा खेळू द्यावा लागतो. हवेत या गॅसचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी विजेचे बटण चालू करताना पडते तशी बंद करतानाही पडते. म्हणून वास आल्यावर जे दिवे आणि पंखे चालू असतील ते तसेच ठेवून बाहेर पडायचे, अशी आमच्याकडे सक्त सूचना आहे. वीज वाचवण्याची ती वेळ नव्हे.

वास प्रथम आला तो मोरीवर भांडी घासणाऱ्या आमच्या सर्वांत नव्या कर्मचाऱ्याला. फोडणीच्या धुरात तासन्‌तास उभ्या असलेल्या आचाऱ्यांना तो जाणवलाच नव्हता, आणि त्यात नवल नाही. त्याने ओरडून सांगताच वस्तादांनी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांनी, गॅसचा बाहेरचा मुख्य वाल बंद केला, तापलेल्या तेलाच्या कढया जागीच राहू दिल्या (उकळते तेल घाईने उचलून नेण्यात भाजण्याचा धोका फार मोठा असतो) आणि सर्वांना अंगणात काढले. हवा मोकळी झाल्यावर एकेका सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले असता एका सिलिंडरच्या जोडणीतील रबरी वायसर झिजल्याचे आढळले. तो बदलून, पुन्हा तपासून शेगड्या पेटवल्या. त्यानंतर तेल तापेपर्यंतचा वेळही त्या ४५ मिनिटांत आला. आचाऱ्यांनी ताक प्यायले ते माझ्या सांगण्यावरून. भट्टीपुढून उठलेल्या माणसाला त्या वेळी दुसरे काम तरी काय सांगावे?

भटारखाना अंगणापलीकडे स्वतंत्र असल्यामुळे ग्राहकांना उठवण्याची गरज पडली नाही. जेवणघरात किंचितही वास आला असता, तर आपणा सर्वांना रस्त्यावर नेले असते. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत कुर्ला येथील एका उपाहारगृहात लागलेल्या आगीत आठ जणांचा बळी गेला. ती बातमी या व्यवसायातील कोणीही विसरू नये.

दोष किरकोळ निघाला, मग एवढा खटाटोप कशाला, असे आपणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोष किरकोळ की मोठा हे वाल बंद केल्यावरच कळते. आमच्याकडे ‘गॅस बंद करा’ असे कोणीही म्हणू शकतो आणि ते नाकारण्याचा अधिकार वस्तादांना नाही, मलाही नाही. वायसरापायी गिऱ्हाईक गेले म्हणून त्या नव्या कर्मचाऱ्याला एक शब्द जरी मी लागट बोललो असतो, तरी पुढच्या वेळी वास आल्यावर तो आधी गर्दीकडे पाहील आणि मग गप्प बसेल.

वाढप्यांनी प्रत्येक टेबलावर कारण सांगितले होते आणि ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांच्याकडून काहीही आकारले नाही. आपण थांबलात, याबद्दल आभारी आहे. आपणास झालेल्या खोळंब्याबद्दल दिलगीर आहे. काम थांबवल्याबद्दल नाही.

आपला,
उपाहारगृहाचा चालक